भाच्याचे मेक्सिकन हॉटेल आणि टिकाऊ धंद्याचा हिशोब

खाण्याचा धंदा कधी बुडत नाही, असे आपल्या व्यापारी बांधवांत नेहमी म्हटले जाते. माणूस कापड वर्षातून दोनदा घेतो, चप्पल एकदा घेतो, पण भूक दिवसातून तीनदा लागते, असा त्यामागचा हिशोब. ऐकायला तो बरोबर वाटतो. परंतु पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकापासून कुणाल आयकॉन रस्त्यापर्यंत एकदा पायी फिरून पाहावे आणि गेल्या दहा वर्षांत किती हॉटेलांच्या पाट्या बदलल्या, हे तिथल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारावे. भूक तीच, गिऱ्हाईकही तेच. पाटी मात्र टिकत नाही. उलट काही हॉटेले अशी आहेत की आजोबा तिथे जेवले, बाप जेवला आणि आज नातू जेवतो आहे. हा फरक कशाने पडतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय माझ्या घरात शिरला तो माझ्या भाच्यामुळे. मुलगा सत्तावीस वर्षांचा. हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा केला, तीन वर्षे हिंजवडीच्या एका मोठ्या भटारखान्यात नोकरी केली. हात चांगला आहे, नियत चांगली आहे. त्याला पिंपळे सौदागरमध्ये मेक्सिकन हॉटेल काढायचे आहे. एकूण खर्च २४ लाख. त्यातले ११ लाख त्याच्या वडिलांच्या फंडाचे. ते चाकणच्या कारखान्यात आयुष्य घालवून नुकतेच निवृत्त झाले. ५ लाख माझ्या बहिणीचे सोने गहाण ठेवून. उरलेले ८ लाख मी द्यावेत, अशी घरातल्या सर्वांची इच्छा होती. म्हणजे मुलाचे हॉटेल चालले नाही तर एका कामगाराची तीस वर्षांची कमाई आणि एका आईचे दागिने त्याच तव्यावर जळणार होते.

मी नाही म्हटले नाही आणि हो पण म्हटले नाही. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही न खाताच हिशोब मांडता. एकदा खाऊन तर बघा." त्याचे म्हणणे रास्त होते. नमुना न पाहता मी कधी कापडाचा ताका घेत नाही, मग जेवण न चाखता त्यावर मत कसे देणार? एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे गेलो.

ताटात काय आले

हॉटेल पहिल्या मजल्यावर होते. दिवे झगमगीत, भिंतीवर मोठी टोपी घातलेल्या माणसाचे चित्र. मेनू आठ पानांचा, त्यात साठाहून जास्त पदार्थ. मेक्सिकन तर होतेच, शिवाय पास्ता, पिझ्झा, चायनीज आणि शेवटच्या पानावर पनीर टिक्काही होता. खुर्च्या चाळीसेक, माणसे आमच्यासह नऊ.

पदार्थ मागवण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतल्या. कोंबडी हलाल आहे का आणि रोटीत व राजम्यात चरबी कोणती घालतात. आपल्या वाचकांनी हे जरूर विचारावे. कारण टेक्सास आणि मेक्सिकोच्या जुन्या पद्धतीत गव्हाची रोटी मळताना आणि राजमा परतताना डुकराची चरबी वापरली जाते. नुसते शाकाहारी दिसते म्हणून समाधान मानू नये. इथे तेल वापरतात असे उत्तर मिळाले, तेव्हा आम्ही बसलो.

आधी नाचोज आले. मक्याच्या रोटीचे तळलेले त्रिकोणी तुकडे, वर पातळ केलेले चीज आणि तिखट मिरचीच्या चकत्या. सोबत साल्सा, म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची आणि कोथिंबीर यांची कच्ची चटणी. मग केसाडिया आला. रोटीत चीज आणि कोंबडी भरून, दुमडून, तव्यावर शेकलेला. मग बरिटो आला. मोठ्या रोटीत भात, राजमा आणि मांस गुंडाळलेले. शेवटी फाहिता आला. लोखंडी तव्यावर चरचरणारी कोंबडी, कांदा आणि ढोबळी मिरची, बाजूला रोट्या.

मी खात गेलो आणि मनात म्हणत गेलो की यात परके काय आहे? रोटी आपली, राजमा आपला, भात आपला, जिरे आपले, चटणी आपली. चव मला आवडली, हे प्रामाणिकपणे सांगतो. फक्त साठ पदार्थांपैकी आम्ही खाल्लेले चार सोडून बाकी कोण खाते, हा प्रश्न मनात राहिला. वेटरला सहज विचारले तेव्हा कळले की या गाळ्यात याआधी दोन हॉटेले होऊन गेली.

सरहद्द सरकली, चूल तिथेच राहिली

आपण ज्याला सरसकट मेक्सिकन म्हणतो, त्यातले बरेचसे जेवण खरे तर टेक्सासचे आहे. त्याला तिकडे टेक्स-मेक्स म्हणतात. टेक्सास हा मुलूख १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. पुढे तो वेगळा झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. राज्य बदलले, परंतु तिथली मेक्सिकन कुटुंबे आणि त्यांच्या चुली जागच्या जागीच राहिल्या. आपल्याकडे निजामाचे राज्य गेले आणि मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आला, म्हणून कोणी नान-खलिया शिजवणे थांबवले नाही. तसेच हे झाले.

मेक्सिकोतला मूळ आहार मक्याचा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, वाटून त्याची टॉर्टिया म्हणजे रोटी थापतात. टेक्सासमध्ये गव्हाची रोटी, पिवळे चीज, गाईचे मांस आणि जिरे यांचा वापर वाढला. जिरे आणि तांदूळ तिकडे स्पॅनिश लोकांनी नेले. तांदळाला स्पॅनिश भाषेत अरोझ म्हणतात. हा शब्द अरबीतल्या अर-रुज्ज यावरून आलेला आहे. उलट दिशेने मिरची, मका आणि टोमॅटो त्या मुलखातून निघाले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्या किनाऱ्यावर आली आणि अशी रुळली की ती परकी होती हे आता कोणाला सांगूनही खरे वाटत नाही.

या जेवणाचा धंदा आधी रस्त्यावर उभा राहिला. सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन बायका संध्याकाळी मेज मांडून मिरचीतले मांस विकत असत. १९३० च्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांमुळे ही दुकाने उठली. पण तोपर्यंत गिऱ्हाइकाच्या जिभेला चव लागली होती आणि चार भिंतींच्या आतली हॉटेले सुरू झाली होती.

सोळा खुर्च्यांचे हॉटेल

या जुन्या हॉटेलांपैकी दोन-तीनांची हकीकत आपल्या कामाची आहे.

डॅलस शहरात मेक्सिकोतून आलेल्या मिगेल मार्टिनेझ या कष्टकरी माणसाने १९१८ मध्ये एल फेनिक्स नावाचे हॉटेल काढले. ते त्याच्या घराण्याकडे २००८ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षे राहिले. फोर्ट वर्थ शहरात जो टी. गार्सिया या माणसाने ४ जुलै १९३५ रोजी जनावरांच्या मोठ्या बाजाराजवळ हॉटेल सुरू केले, तेव्हा त्यात सोळाच माणसे बसत. १९५३ मध्ये तो वारला. बायकोने आणि मुलीने गल्ला व भटारखाना सांभाळला. आज तिथे एका वेळी हजारावर माणसे बसतात आणि हॉटेल त्याच घराण्याचे आहे.

वाचकांनी नीट लक्ष द्यावे ते पुढच्या गोष्टीकडे. या जो टी. गार्सियाच्या हॉटेलात रात्रीच्या जेवणाला कित्येक दशके दोनच गोष्टी मिळत. एक तर एन्चिलाडाचे ठरलेले ताट, नाही तर फाहिता. तिसरे नाव नाही. शिवाय कित्येक दशके तिथे क्रेडिट कार्ड चालत नव्हते. रोख द्या, जेवा आणि जा. हजार माणसांचे हॉटेल दोन पदार्थांवर चालले आणि चाळीस खुर्च्यांचे हॉटेल साठ पदार्थ घेऊन रिकामे बसते. यातच अर्धा धडा आला.

एक थान, दहा कपडे

माझा धंदा कापडाचा आहे, म्हणून मला ही गोष्ट कापडात समजते. शहाणा दुकानदार चांगल्या सुती कापडाचे थान घेतो. त्याच थानातून कुर्ता निघतो, पायजमा निघतो, अस्तर निघते, उरलेल्या कटपीसमधून लहान मुलांचे झबले निघते. माल एक, विक्री अनेक प्रकारची. अडाणी दुकानदार चाळीस रंगांचे चाळीस ताके भरतो आणि वर्षाअखेरीस तीस ताके कपाटात पिवळे पडतात.

टेक्स-मेक्सची टॉर्टिया हे असेच थान आहे. दुमडली की टाको, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की केसाडिया, गुंडाळली की बरिटो, गुंडाळून रश्श्यात भिजवली की एन्चिलाडा, कापून तळली की नाचोज. आत घालायचे तेच चार-पाच जिन्नस: मांस, राजमा, भात, चीज, चटणी. गिऱ्हाइकाला वाटते की आपण रोज वेगळे खातो. भटाऱ्याच्या दृष्टीने त्याच पाच भांड्यांतून पळी फिरते. माल रोज संपतो, रोज ताजा होतो, फेकायला काही उरत नाही.

टेक्सासच्या हॉटेलांत बसल्याबरोबर टॉर्टियाचे तळलेले तुकडे आणि साल्सा फुकट मिळतो. उरलेली रोटी अशी कापून तळता येते, म्हणून दुकानदाराला ते परवडते. गिऱ्हाइकाला आदर मिळतो आणि दुकानदाराची नासाडी वाचते. नाचोजचा जन्मही असाच सांगतात. १९४० च्या दशकात सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावी अमेरिकन फौजी अधिकाऱ्यांच्या बायका जेवायला आल्या आणि आचारी जागेवर नव्हता. तेव्हा इग्नासिओ अनाया या माणसाने हाताशी असलेले तुकडे, चीज आणि मिरची यांतून काहीतरी करून वाढले. इग्नासिओचे लाडके नाव नाचो. तेच नाव पदार्थाला पडले.

फाहिताची कथाही तशीच आहे. जनावराच्या पोटाजवळचा चिवट पट्टा कोणी विकत घेत नसे. तो दक्षिण टेक्सासच्या गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून दिला जाई. त्यांनी तो निखाऱ्यावर भाजून, आडवा कापून रोटीत खाल्ला. पुढे हॉटेलांनी तोच पट्टा चरचरत्या तव्यावर वाढला आणि त्याचा भाव वाढला. टाकाऊ मालातून किंमत काढणे ही कारागिराची जुनीच विद्या आहे.

वाढ आणि हाव

ह्यूस्टन शहरातल्या निन्फा लॉरेन्झो या बाईची हकीकत दोन्ही बाजूंनी बोध देणारी आहे. नवरा-बायकोचा टॉर्टियाचा छोटा कारखाना होता. १९६९ मध्ये नवरा वारला. पाच मुले पदरात आणि कारखाना डबघाईला. १९७३ मध्ये तिने कारखान्याच्या पुढच्या भागात दहा मेजे मांडली आणि कोळशावर भाजलेले मांस ताज्या रोटीत घालून विकायला सुरुवात केली. रोटी घरची, जागा घरची, हात घरचे. शहर त्या रस्त्यावर लोटले.

पुढे शाखांवर शाखा निघाल्या. १९९० च्या दशकात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नावासकट मालकी घराण्याच्या हातून गेली. ज्या रस्त्यावर दहा मेजे मांडली होती, तिथले जुने हॉटेल मात्र आजही चालू आहे. घराण्यातल्या लोकांनी पुढे दुसऱ्या नावाने पुन्हा नव्याने सुरुवात केली.

हे वाचताना मला माझेच दिवस आठवले. २००४ मध्ये माझे कापडाचे दुकान बरे चालले होते म्हणून मी रेडिमेडचे दुसरे दुकान काढले. जुन्या दुकानात मी स्वतः बसत होतो, नव्या दुकानात पगारी माणूस बसला. पगारी माणसाने चोरी केली नाही. फक्त गिऱ्हाइकाला परत बोलावण्याची त्याला गरज वाटली नाही. सव्वीस महिन्यांत दुकान बंद केले आणि पुढली चार वर्षे जुन्या दुकानाच्या गल्ल्यातून नव्याचे देणे फेडले. दोष माझा होता, म्हणून इथे लिहायला लाज वाटत नाही.

युबा सिटीचे गुलाम रसूल

आता एक हकीकत अशी, जी आपल्या समाजातील फार थोड्यांना ठाऊक असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून अनेक माणसे कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेली. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने आशियातून नवी माणसे येण्याला बंदी झाली, त्यामुळे गावाकडून बायको आणणे शक्य राहिले नाही. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र मानलेल्या परदेशी माणसाला जमीनही घेता येत नव्हती. यांपैकी बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. घरात दोन भाषा आल्या, चुलीवर दोन पद्धती आल्या. रोटी आणि टॉर्टिया यांची सोयरीक तिथे झाली.

अशाच एका घराने, गुलाम रसूल आणि त्यांची पत्नी इनेझ यांच्या घराने, युबा सिटी गावात १९५४ मध्ये एल रान्चेरो नावाचे हॉटेल काढले. तिथे एन्चिलाडा मिळे आणि कोंबडीचा रस्साही मिळे. त्यांचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे रोटी केसाडिया. टॉर्टियाच्या जागी आपली रोटी, आत मांस, चीज आणि कांदा. हा पदार्थ त्यांच्या स्वतःच्या घरातून आला होता. हॉटेल १९९३ पर्यंत चालले, म्हणजे जवळपास चाळीस वर्षे. परमुलखात, परक्या कायद्याखाली, एका मुसलमान माणसाच्या घराने मेक्सिकन हॉटेल चाळीस वर्षे चालवले ते दुसऱ्याची नक्कल करून नव्हे, तर स्वतःच्या घरातली रोटी विकून.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, अम्मीचा खिमा घालून केसाडिया केला तर?" त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले की याचे हॉटेल चालू शकेल.

जो नफा आपला नाही

एक सावधगिरीची गोष्ट. टेक्सासच्या हॉटेलांच्या नफ्याची गणिते जशीच्या तशी आपल्याला लागू पडत नाहीत. तिथल्या अनेक हॉटेलांच्या नफ्याचा बराच भाग दारूतून येतो. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ या हॉटेलवाल्याने १९७१ मध्ये आइस्क्रीमच्या यंत्रावरून बर्फाळ मार्गारिटा दारूचे यंत्र तयार केले आणि सगळा धंदा त्या बाजूने झुकला. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले आहे. आपल्या माणसाला तो नफा नको आहे. मग ज्याचा हिशोब पेल्यावरही उभा आहे, त्याच्यासारखी जागा, दिवे आणि भाडे आपण का अंगावर घ्यावे? रोटीच्या नफ्यावर चालायचे असेल तर भाडेही रोटीला झेपेल एवढेच हवे.

पुण्याचा दाखला

पुण्यात डेक्कनवर १९३५ पासून गुडलक कॅफे चालू आहे. चौकालाच गुडलक चौक म्हणतात. बन-मस्का, चहा, खिमा-पाव ही त्याची ओळख. लष्करातली कयानी बेकरी १९५५ पासूनची. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात आणि दुपारी दुकान बंद असते तरी परत येतात. या दोन्ही ठिकाणी झगमगाट नाही, पदार्थांची गर्दी नाही. मात्र जी वस्तू आहे ती दर वेळी त्याच चवीची. फोर्ट वर्थचे हॉटेल आणि गुडलक एकाच वर्षी सुरू झाले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण जगण्याची रीत एकच आहे.

कागदावरचा हिशोब

मग आम्ही वही घेऊन बसलो. भाच्याच्या मूळ बेतात भाडे महिना ८५ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,३००. हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून ५ टक्क्यांनी कर घेतो तेव्हा त्याला या १५,३०० ची वजावट मिळत नाही, तो खर्चच समजावा. पाच माणसांचा पगार १ लाख १० हजार. वीज, गॅस, पाणी ४० हजार. बेरीज २,५०,३००.

सरासरी एका गिऱ्हाइकाचे बिल २५० रुपये धरले. त्यातून मालाचे ९० गेले, डबे आणि घरपोच कंपन्यांचे कमिशन सरासरी ३५ धरले. हातात राहिले १२५. म्हणजे महिन्याला सुमारे दोन हजार गिऱ्हाइके, रोज सदुसष्ट. सदुसष्टाव्या गिऱ्हाइकापर्यंत घरी एक रुपया येणार नाही. गहाण सोन्याचे व्याज आणि फर्निचरची घट अजून धरलेलीच नाही. आम्ही जेवलो त्या गुरुवारी तिथे नऊ माणसे होती, ही आठवण मी त्याला करून दिली नाही. त्यानेच काढली.

दुसरा बेत असा मांडला. मुख्य रस्त्याच्या आतल्या बाजूला लहान गाळा, करासह २२ हजार. भाचा स्वतः तव्यावर आणि दोन माणसे, त्यांचा पगार ३६ हजार. वीज-गॅस १२ हजार. बेरीज ७० हजार. पदार्थ पाचच: टाको, केसाडिया, बरिटो, राजमा-भाताची वाटी आणि अम्मीचा खिमा-केसाडिया. सरासरी बिल १२०, माल ४५, डबा १०, हातात ६५. आठवड्याची सुट्टी सोडून महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज बेचाळीस गिऱ्हाइकांवर खर्च भागतो. भांडवल ६ लाख. त्यातले ३ लाख त्याच्या वडिलांचे, ३ लाख माझे.

माझे ३ लाख मी कर्ज म्हणून दिलेले नाहीत. नफ्या-तोट्यात भागीदारी, स्टॅम्प पेपरवर लिहून, दोन साक्षीदारांसमोर. नातेवाइकांत लिहिण्याची लाज वाटते आणि मग दहा वर्षांनी एकमेकांच्या घरी ईदला जाणे बंद होते, असे मी पुष्कळ पाहिले आहे. बहिणीचे सोने कपाटात राहील, ही माझी एकमेव अट होती. ती वाटाघाटीत नव्हती.

सध्या काय चालले आहे

गाळा अजून घेतलेला नाही. आधी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी करून घेतली, कारण घरून विकायचे असले तरी ती लागते. आता भाचा घरच्याच चुलीवर शनिवारी संध्याकाळी आसपासच्या सोसायट्यांच्या ऑर्डरी घेतो. पहिल्या शनिवारी ३१ ऑर्डरी आल्या, त्यांत अर्धे नातेवाईक आणि मित्र. दुसऱ्या शनिवारी १९ आल्या. घरात जरा शांतता पसरली. बहिणीने मला फोन करून विचारले, "भाईजान, आता काय?" मी म्हटले, तिसरा शनिवार येऊ द्या.

तिसऱ्या शनिवारी ३८ आल्या. भाचा खूष झाला आणि ३८ चा आकडा सांगायला दुकानावर आला. मी त्याच्याकडून वही घेतली आणि नावे तपासली. त्यांपैकी ११ जण असे होते, जे नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत आणि दुसऱ्यांदा मागवत होते. त्या अकरांपैकी आठ जणांनी खिमा-केसाडिया मागवला होता.

मी त्याला सांगितले की ३८ विसरून जा, ११ लक्षात ठेव. नवे गिऱ्हाईक पाटी आणते, दिवे आणतात, सवलत आणते. दुसऱ्यांदा आलेले गिऱ्हाईक तव्यानेच आणलेले असते. हे ११ जेव्हा ४२ होतील, तेव्हा आपण गाळा पाहायला जाऊ. तोपर्यंत शनिवारची वही दर रविवारी मला दाखवायची.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज हॉटेलच्या धंद्यात उतरू पाहत आहेत. मांस, मसाला आणि तवा यांची समज आपल्या घरांत आहे, ही जमेची बाजू आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे की पैसे देताना पाटीचे नाव, रंग आणि खुर्च्या विचारू नका. पदार्थ किती, भाडे किती आणि दुसऱ्यांदा आलेले किती, हे तीन आकडे विचारा. बरकत देणारा अल्लाह आहे; वही मात्र आपल्यालाच लिहावी लागते.